मोरीवरचा थोरला भाऊ

दयानंद वाळंजनं आयुष्यातली वीसेक वर्षं पॉलिनेशियाच्या बेटांवर घालवली, असं त्याचा एक जुना विद्यार्थी कुठल्याशा कार्यक्रमात माइकवरून बोलून गेला. टाळ्याही पडल्या. ते खरंही होतं. फक्त ती सगळी वर्षं दयानंद भुकूमला, पौड रस्त्याच्या कडेला, दुसऱ्या मजल्यावर राहत होता. समुद्र त्यानं पाहिला होता तो हरिहरेश्वरला, लग्नानंतर एकदाच, आणि बायकोची चप्पल लाटेनं नेली म्हणून दोघं दुपारीच परत निघाले होते.

त्याचा विषय अळू. प्रशांत महासागराच्या अफाट पाण्यात माणसं होड्यांतून बेटामागून बेट गाठत गेली, तेव्हा बरोबर काय काय घेऊन गेली, ते कसं गुंडाळलं, कोणी जपलं, नव्या मातीनं ते कसं पत्करलं. माणसांनी बेट किती बदललं आणि बेटानं माणसं किती बदलली, असा तो सगळा अभ्यास. त्या होड्यांत डुकरं होती, कोंबड्या होत्या, केळी, हळद आणि अळू होतं. हळद आणि अळू म्हटलं की मुळशीतल्या माणसाचा चेहरा पडतो. हे तर परसात आहे, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? हा प्रश्न दयानंदला मुलाखतींतही विचारला गेला होता आणि स्वतःच्या लग्नातही.

गावात तो 'अळूसर'. पंगतीत अळूची भाजी आली की वाढप्या त्याच्यासमोर थांबून म्हणायचा, "सर, बघून सांगा, कंच्या बेटावरची हाय." लोक हसायचे. दयानंदही हसायचा, कारण न हसलं तर तोच विनोद पुन्हा एकदा होतो, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

काही बेटांवर अळू हा माणसाचा थोरला भाऊ मानतात. आधी तो जन्मला, मग माणूस. म्हणून धाकट्यानं थोरल्याची निगा राखायची आणि थोरल्यानं धाकट्याला पोसायचं. ही गोष्ट दयानंदनं एकदा ऐन उमेदीत आईला सांगितली होती. रत्नाबाईंनी शांतपणे ऐकून घेतली आणि परसाकडं बोट केलं. "मंग तुझा थोरला भाऊ तितं मोरीवर उभा हाय. त्याला इचार, आईला सोडून त्यो कुटं गेला का."

दयानंद दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवायचा. म्हणजे तास असला की तो प्राध्यापक, तास संपला की मोटरसायकलवरचा माणूस. बायको शुभांगी उरवड्याच्या एका कंपनीत माल तपासायची. घर तिच्या पगारावर चालायचं आणि संशोधन तिच्या स्वभावावर. बेटावर जायचा योग याआधी दोनदा जमून फिसकटला होता. एकदा व्हिसा नाकारला गेला. दुसऱ्यांदा सगळं हातात आलं आणि जगाला टाळं लागलं. बेटांनी तर कडी आतून लावली आणि बराच काळ काढलीच नाही. आता तिसरी खेप. एका परदेशी विद्यापीठाच्या प्रकल्पात त्याला वर्षभरासाठी घेतलं होतं. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती, आणि चौथी खेप नसणार हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

अडलं होतं ते बेटावरच्या पंचांशी. शंभरेक वर्षं त्या बेटांवर संशोधक येत राहिले. त्यांनी डोकी मोजली, हाडं नेली, बिया नेल्या, गाणी नेली, आणि जाताना सगळे म्हणाले, परत पाठवतो. म्हणून या बेटानं नियम केला होता. येणाऱ्यानं स्वतःबद्दल स्वतः बोलायचं नाही. तिथं तो उद्धटपणा समजतात. त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं पंचांसमोर त्याची ओळख करून द्यायची, स्वतःच्या भाषेत. त्याचं पाणी कुठलं, डोंगर कुठला, माणूस कसा. ऐकून पंच ठरवणार. प्रकल्पाच्या प्रमुखांनी लिहिलं होतं की ही केवळ औपचारिकता आहे, आणि त्याच पत्रात खाली लिहिलं होतं की गेल्या वर्षी दोघांना नकार मिळाला.

दयानंदचे वडील गेले होते. वडीलधारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते जनावरांना पेंड घालत होतं.

"तुम्ही आईंना पढवायला जाऊ नका," शुभांगी म्हणाली. "त्या पढवलेलं बोलत नाहीत. आपली सुपारी फुटली तेव्हाचं आठवा."

सुपारीच्या दिवशी रत्नाबाईंनी व्याह्यांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं की पोरगा निर्व्यसनी आहे, पण पुढं त्याचं काय होईल ते देवाला ठाऊक. लग्न तरीही झालं. देवाला अजून नीटसं ठाऊक झालेलं नव्हतं.

तरी दयानंदनं पढवलंच. गावी जाऊन ओसरीवर बसून, आईला तीन वाक्यं. आमचं पाणी मुळा नदीचं. आमचा डोंगर वाघजाईचा. माझा मुलगा कष्टाळू आणि प्रामाणिक आहे. रत्नाबाई शेंगा फोडत ऐकत होत्या.

"परामानिक म्हंजे?"

"खोटं न बोलणारा."

"मंग ते मी कशाला सांगायचं? त्यांना दिसंलच की."

गावात नेट धड चालायचं ते एकाच ठिकाणी, वाघजाईच्या डोंगरावरच्या राजूच्या साइट ऑफिसात. राजू दयानंदचा चुलतभाऊ. डोंगर एकेकाळी वाळंजांच्या सामायिकातला होता. आता त्यावर प्लॉट पाडले होते, दगडी कमान होती, आणि काचेच्या खोलीत बसून राजू तोच डोंगर दुसऱ्यांदा विकत होता, या वेळी कमिशनवर. पाहुणा कोणीही असो, राजू त्याला आधी खिडकीशी नेऊन खालचं धरणाचं पाणी दाखवायचा आणि 'इथून लवासापेक्षा भारी दिसतं' म्हणायचा. लवासापेक्षा भारी दिसायला फारसं काही लागत नाही, पण पाहुण्याला ते कुठं ठाऊक असतं.

मे महिना होता. सकाळी ऊन तापायच्या आत दयानंदनं आईला मोटरसायकलवर बसवून वर आणलं. रत्नाबाईंनी लग्नकार्यातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. तिकडं बेटावर अजून आदल्या दिवसाची दुपार आहे, हे त्यानं वाटेत समजावून सांगितलं.

"म्हंजे त्यांचा अजून कालच हाय?"

"व्हय."

"बरं हाय. कालचं काय चुकलं असंल तर त्यांना सांगता यील."

राजूनं खुर्ची लावली, लॅपटॉप मांडला, मागं भिंतीवर प्लॉटचा रंगीत नकाशा होता तो तसाच राहिला. पडद्यावर चारी बाजूंनी उघडी, शाळेसारखी एक जागा दिसू लागली. तीन म्हातारी माणसं. मधे एक भरदार आजी, डोक्यावर फुलांचं कडं, आणि शेजारी भाषांतराला एक तरुण शिक्षिका. आधी प्रार्थना झाली. मग कोणी काहीच बोलेना.

तिथं बोलण्याआधी गप्प बसणं ही रीत असते. दयानंदला ते वाचून ठाऊक होतं. राजूला नव्हतं.

"हँग झालं," तो म्हणाला, आणि राउटर हलवायला पुढं वाकला. काही वेळ त्या बेटाच्या पंचांना राजूचं पोट तेवढं दिसलं.

"राजू, बाजूला हो."

"काकी, तुमी हलू नका, चालू हुईल."

आजी हसल्या. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला. शिक्षिकेनं तो इंग्रजीत आणला, दयानंदनं मराठीत. हा माणूस कोणाचा?

रत्नाबाईंनी पदर सारखा केला. तीन वाक्यांपैकी एकही त्यांच्या तोंडात नव्हतं. "ह्यो आमचा थोरला. ह्याच्या पाठीवर एक बहीण, ती चाकणला दिली. बाप गेला ह्याचा. ह्यो लहानपणापास्नं असाच. गुरं घिऊन डोंगराला जायचा, सांजच्याला गुरं एकटी घरी यायची, ह्यो मागनं कवातरी. इचारलं कुटं हुतास, तर म्हणायचा बघत हुतो. काय बघत हुतास, ते न्हाई सांगता यायचं. एवढा शिकला, तरी आजून न्हाई सांगता येत."

दयानंदनं इंग्रजीत सांगितलं की आई म्हणते, मला लहानपणापासून निरीक्षणाची आवड आहे.

रत्नाबाई त्याच्याकडं बघत होत्या. "येवढंच?"

"व्हय."

"मी केवढं बोलले."

"आये, इंग्रजीत कमी लागतं."

"गुरं आली का त्यात?"

त्यानं पुन्हा तोंड उघडलं आणि गुरं घातली. पडद्यावरची माणसं माना डोलवू लागली. रत्नाबाईंना इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण दुधाची मापं घालायची सवय जन्माची. आपण किती ओतलं आणि त्यातलं किती पोचलं, एवढं बघायला भाषा लागत नाही. दयानंदच्या पाठीवर घाम सुटला. पंखा होता, पण तो राजूच्या दिशेनं होता.

दुसरा प्रश्न डोंगराचा.

"ह्योच की," रत्नाबाई म्हणाल्या. "मी बसल्ये त्यो. वाघजाईचा. आमी इकला." आणि मागं न बघताच त्यांनी अंगठ्यानं नकाशा दाखवला.

दयानंद म्हणाला, आमचा डोंगर वाघजाई देवीचा आहे आणि आई या क्षणी त्याच डोंगरावर बसली आहे. वाक्य चांगलं होतं. पलीकडं ते पसंतही पडलं.

"इकला म्हणलास का?"

त्यानं लॅपटॉप उगाच सरळ केला.

"दया, इकला म्हणलास का न्हाई?"

"त्याची काय गरज हाय, आये?"

"मंग मला कशाला उन्हाचं आणलंस वर? तुझं तूच बोलायचंस."

हा नेमका त्या बेटाचाच मुद्दा होता. दयानंद दमला होता. रात्री झोप लागली नव्हती, सकाळी गोळी घ्यायची राहिली होती, आणि दोन्ही बाजूंनी वडीलधारी माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं सांगितलं की डोंगर आम्ही विकला.

"दादा, चांगल्या भावानं इकला, ते पण सांग," राजू मागून म्हणाला. ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

आजींनी विचारलं, तिथं आता कोण राहतं?

"कोन न्हाई. शनवारी येत्यात, गाणी लावत्यात, रईवारी जात्यात."

आजींनी शेजारच्या म्हाताऱ्याला कोपर मारलं. त्यांच्याही बेटावर कुठंतरी शनिवार-रविवार असावा.

मग पाण्याचं विचारलं, तेव्हा रत्नाबाई खुर्चीतून उठल्याच. "ही पेटी खिडकीकडं फिरीव," त्या राजूला म्हणाल्या. राजूनं लॅपटॉप उचलून खिडकीत धरला. त्या खिडकीतून त्यानं शेकडो लोकांना पाणी दाखवलं होतं. रत्नाबाईंनी त्याला थोडं खाली धरायला लावलं.

"ते पांढरं पांढरं दिसतंय का, कडंला? ती आमची जोती. माझ्या आजेसासऱ्याचं घर, पलीकडं देऊळ. धरण बांधलं तवा गाव पाण्यात गेलं, मंग समदी वर येऊन बसली. उन्हाळ्यात असं दिसतं. पाऊस लागला की पुन्ना जातं."

हे दयानंदनं शब्दही न गाळता सांगितलं. गाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पलीकडं तिघांचं आपापसात बरंच बोलणं झालं. शिक्षिकेनं त्यातलं काही इंग्रजीत आणलं नाही. मग आजी पडद्याच्या अगदी जवळ आल्या. पाणी येणार हे कळल्यावर, त्यांनी विचारलं, तुमच्या लोकांनी आधी काय हलवलं?

"मी कुटं हुते तवा? पण सासू सांगायची, आधी देव हलवले. देव जाऊन वर बसले तरी मान्सं हलंनात. म्हणायची, बघू, बघू. मंग बायांनी चुली हलवल्या. त्यावर हलली."

आणि अळू?

रत्नाबाईंना प्रश्नच कळेना. "आळू? ते बायांनी आणलं असंल पदराखाली. त्याची कशापाई चर्चा?"

आजींनी सांगितलं की समुद्राच्या बाजूनं त्यांच्या अळूच्या वाफ्यांत खारं पाणी येऊ लागलं आहे. गावच वर न्यायचं असं बोलणं चालू आहे. बोलणंच चालू आहे.

"मंग त्यास्नी सांग," रत्नाबाई म्हणाल्या, "चुली आधी हलवा. देव मागनं आले तरी चालतंय."

इथपर्यंत येताना दयानंदला वाटलं होतं की जमलं. वीस वर्षांत त्याला असं कधी वाटलं नव्हतं. शेवटचा प्रश्न उरला होता आणि तो साधा होता. तुमचा मुलगा आमच्याकडं आला तर कसा वागेल?

"ऐकंल," रत्नाबाई म्हणाल्या. "पण दोनदा सांगाय लागतं. जेवताना बोलू दिऊ नका, ठसका लागतो. आन्," त्यांनी जरा आठवलं, "मागून आणलेलं परत द्यायचं ह्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. शुभांगीच्या म्हायेरचा पितळी डबा ह्यानं लाडू भरून आणला हुता, आजून माझ्या फळीवर हाय. आता त्याचं झाकन पन बसत न्हाई."

मागं राजूनं जीभ चावली.

दयानंद पडद्याकडं बघत राहिला. त्या नियमामागचं सगळं वाचन त्याच्या डोळ्यांपुढून गेलं: कुठल्या कुठल्या तळघरांतली हाडं, डबाबंद बिया, परत न आलेली गाणी. आता एक छोटं, सरळ, खोटं वाक्य पुरलं असतं. माझा मुलगा कष्टाळू आणि प्रामाणिक आहे, हे तर पाठच होतं. त्यानं आईकडं पाहिलं. ती त्याच्या ओठांकडं बघत होती, मापात किती पडतंय ते.

त्यानं सगळं सांगितलं. लाडू, डबा, फळी, झाकण.

पलीकडं शिक्षिका बोलायची थांबली. पडद्यावर फक्त मागचं माडाचं पान हलत होतं.

"हँग झालं," राजू म्हणाला.

झालं नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस काहीच आलं नाही. दयानंद पेपर तपासत होता, गोळ्या वेळेवर घेत होता आणि आईला फोन करायचं टाळत होता. शुभांगीनं एकदाच विचारलं, "काय म्हणाल्या नक्की?" त्यानं सांगितलं. तिनं हातातलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाली, "पण डबा आहे हो अजून."

पत्र आलं ते पहिला पाऊस पडून गेल्यावर, तो पिरंगुटच्या चौकात ट्रॅफिकमधे अडकला असताना. त्यानं ते मोटरसायकलवर बसूनच वाचलं. पंचांनी लिहिलं होतं की आतापर्यंत ज्यांची ज्यांची ओळख करून दिली गेली ते सगळे उत्तम लोक होते, आणि म्हणून त्यांच्याबद्दल आम्हाला कधीच काही कळलं नाही. तुमच्याबद्दल आम्हाला थोडंफार माहीत आहे. यावं. अटी तीन. आठवड्यातून एकदा सर्वांसमोर आईंशी बोलायचं आणि आपण काय करतो आहोत ते त्यांना समजेल असं सांगायचं. जिवंत रोप, माती, बी काहीही आणायचं नाही. आणि निघण्याआधी डबा परत करायचा.

मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. दयानंदला वाटलं होतं की हा दिवस आला तर आपण रडू, निदान चहा तरी पिऊ. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की आता खरंच जावं लागणार.

डबा त्यानं सासुरवाडीला नेऊन दिला. सासूबाईंना तो कोणता ते आठवेना. त्यांनी त्यात घरचे पोहे भरून त्याला परत दिला. पंचांना हे कसं कळवायचं याचा त्यानं बराच विचार केला आणि शेवटी शुभांगीला पोहे दुसरीकडं काढून डबा पुन्हा नेऊन द्यायला लावला.

निघायच्या आधी तो गावी गेला तेव्हा रत्नाबाई मोरीच्या कडेला खुरपं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अळवाचा एक बरा गड्डा उकरून काढला, देठं आखडती कापली, माती झटकली पण थोडी राखली, ओल्या फडक्यात गुंडाळला, वरून अळवाचंच पान लावलं आणि सुतळीनं बांधला. दयानंद दारात उभा राहून बघत होता. देठं किती ठेवायची, माती का राखायची, वरून पान कशासाठी. त्याच्या प्रबंधातलं सगळ्यात लांब प्रकरण हेच होतं, आणि त्यात बराचसा अंदाज होता.

"हे घे. त्यांचं आळू खाऱ्या पान्यानं जातंय म्हणाल्या ना त्या बाई."

"आये, नाही नेता येत."

"का?"

"बंदी हाय. विमानतळावर काढून घेतात. परक्या मातीबरोबर रोग जातो, कीड जाते."

"आळू काढून घेत्यात?"

"व्हय."

"आन् तुला सोडत्यात?"

याचं उत्तर बहुधा त्या पंचांकडं होतं, आणि त्यांनी तीन अटींत ते दिलंही होतं.

रत्नाबाईंनी आणखी वाद घातला नाही. सुतळी सोडली, पान बाजूला टाकलं, गड्डा होता त्याच खड्ड्यात ठेवला आणि टाचेनं माती दाबली. "दर आठवड्याला त्या डोंगरावर चढायचं हाय मला," त्या म्हणाल्या. "राजूला सांग, पंखा माझ्याकडं करून ठिवायचा."

होड्या भरताना किनाऱ्यावर किती गड्डे असे परत मातीत गेले असतील, ते कोणी लावले, यावर त्याच्या प्रबंधात एकही ओळ नव्हती. त्यानं खुरपं उचललं, मोरीच्या पाण्यात धुतलं आणि वळचणीला खोचलं. रत्नाबाईंनी फडकं पिळून दोरीवर टाकलं.